सापडलेल्या गाठींचा देश

दक्षिण कोरियाच्या सरकारने १९९९ साली कर्करोग तपासणीची राष्ट्रीय योजना सुरू केली. जठर, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यापासून सुरुवात झाली आणि काही वर्षांत यकृत व मोठ्या आतड्याची भर पडली. तपासणी फुकट होती किंवा नाममात्र पैशांत होत होती, आणि लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले. थायरॉइडचा कर्करोग या यादीत कधीच नव्हता. तरीही पुढच्या दहाएक वर्षांत त्या देशात सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणून थायरॉइडचीच नोंद झाली. २०११ या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक कोरियन माणसांना 'तुम्हाला थायरॉइडचा कर्करोग आहे' असे सांगण्यात आले. १९९३ च्या तुलनेत हे प्रमाण पंधरापट होते. या रोगाने वर्षाला मरणाऱ्यांची संख्या मात्र तीनशे-चारशेच्या आसपास होती, ती तेवढीच राहिली.

कोरियात कुठे अणुभट्टी फुटली नव्हती, की अन्नपाण्यात काही नवे विष शिरले नव्हते. फरक पडला होता तो एवढाच, की धडधाकट माणसांच्या मानेवरून सोनोग्राफीचा प्रोब फिरू लागला होता.

हे कसे घडले ते समजायला कित्येक दशके मागे जावे लागते, कारण हे यंत्र मानेवर आले ते एका अगदी रास्त अडचणीतून. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून बसलेली ही ग्रंथी डॉक्टर पूर्वी बोटांनीच तपासत. रुग्णाला घोटभर पाणी गिळायला सांगायचे आणि बोटांखाली गाठ सरकते का ते पाहायचे. गाठ हाताला लागली की पुढचा प्रश्न कठीण होता: ही साधी की कर्करोगाची? १९५० नंतर किरणोत्सर्गी आयोडीनचा स्कॅन आला. जी गाठ आयोडीन शोषत नाही ती 'कोल्ड', म्हणजे संशयास्पद. पण कोल्ड गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवी निघत, आणि ते कळायचे गळा कापून झाल्यावर.

स्वीडनमध्ये त्याच दशकात काही डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून पेशी ओढायला आणि काचपट्टीवर तपासायला सुरुवात केली. नील्स सॉडरस्ट्रोम यांनी १९५२ साली गलगंडावरच्या या प्रयोगाविषयी लिहिले आणि स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ते तंत्र घडत गेले. बाकी जगाला ते पटायला पंचवीसेक वर्षे लागली.

ध्वनिलहरींचा रस्ता दुसरीकडून आला. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गाठी आणि गर्भ अल्ट्रासाउंडने पाहून दाखवले होते. थायरॉइडवर हे तंत्र वापरल्याचा पहिला ठळक अहवाल १९६७ चा, जपानमधल्या योशिहिदे फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. प्रोब आणि मान यांच्यामध्ये पाणी ठेवून, त्यातून लहरी सोडून त्यांनी गळ्याचे आडवे छेद मिळवले आणि गाठींच्या प्रतिध्वनींचे चार नमुने वेगळे काढले. चित्रे ढोबळ होती. पण या रुग्णांची गाठ आधीच हाताला लागलेली होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे. माणूस तक्रार घेऊन आला होता, डॉक्टरांपुढे एक प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला यंत्र आणले गेले होते.

पुढची दहा-पंधरा वर्षे सोनोग्राफीने हे काम चोख केले. गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, हे सुई न टोचता कळू लागले. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्रॉकर, कॉसॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करड्या छटांच्या नव्या चित्रांवर दाखवले की कर्करोगाची गाठ आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसते आणि तिच्यातले प्रतिध्वनी क्षीण व विस्कळित असतात. टोरंटोच्या पॉल वॉल्फिश यांनी १९७७ मध्ये सोनोग्राफी आणि सुई यांची जोडी लावावी असे सुचवले. ही जोडी आजही थायरॉइडच्या निदानाचा कणा आहे आणि तिने असंख्य लोकांना नाहक शस्त्रक्रियेपासून वाचवले आहे. पुढे जे सांगायचे आहे ते या यंत्राच्या विरोधात नाही, म्हणून हे आधीच स्पष्ट सांगतो.

मग प्रोब सुधारले. लहरींची वारंवारता वाढवली की चित्र बारकाईने उमटते, पण लहरी खोलवर पोचत नाहीत. यकृत-मूत्रपिंडासाठी ही अडचण असते. थायरॉइड कातडीच्या अगदी खाली असल्यामुळे तिला सात ते पंधरा मेगाहर्ट्झचा प्रोब नेमका मानवला. दोन-तीन मिलिमीटरचा ठिपकाही आता दिसू लागला. बोटांनी तपासले तर शंभरातल्या चार ते सात प्रौढांत गाठ लागते. सोनोग्राफीने पाहिले तर वेगवेगळ्या पाहण्यांत १९ ते ६८ टक्के माणसांत काहीतरी सापडते.

शवविच्छेदन करणाऱ्यांना याचे नवल वाटले नसते. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९५५ मध्येच ८२१ मृतांच्या थायरॉइड तपासून सांगितले होते की बाहेरून निरोगी वाटणाऱ्या या ग्रंथींपैकी निम्म्यांत गाठी होत्या. त्याहून धक्कादायक काम १९८५ चे, फिनलंडमधले. हाराक, फ्रान्सिला आणि वासेनियस यांनी दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइड घेतल्या आणि दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून एकेक चकती पाहिली. ३६ जणांच्या ग्रंथीत थायरॉइडचा पॅपिलरी प्रकारचा कर्करोग होता. बहुतेक गाठी इतक्या लहान की चकतीच्या जाडीत हरवाव्यात. याहून पातळ चकत्या केल्या असत्या तर जवळजवळ प्रत्येकात काही ना काही सापडले असते, असा त्यांचा हिशेब होता. असल्या सूक्ष्म गाठींना सर्वसाधारण आढळ मानावे आणि त्यांवर उपचार करू नयेत, असे त्यांनी लिहिले. या रोगाच्या साऱ्या साहित्यात मला हा निबंध सर्वांत मोलाचा वाटतो. पुढच्या तीस वर्षांत जे काही चुकले, त्याचे उत्तर त्यात आधीच होते. पण तो रोगनिदानतज्ज्ञांच्या कपाटात राहिला आणि प्रोब हातात धरणाऱ्यांपर्यंत उशिरा पोचला.

जपानमध्ये मात्र नेमक्या माणसाच्या मनात तोच विचार आला. कोबे शहरात कुमा हॉस्पिटल हे केवळ थायरॉइडसाठी नावाजलेले रुग्णालय आहे. तिथले शल्यविशारद अकिरा मियाउची यांनी १९९३ साली सहकारी डॉक्टरांपुढे एक प्रस्ताव मांडला. सोनोग्राफी आणि सुईने सापडणारे एक सेंटिमीटरहून लहान पॅपिलरी कर्करोग जर इतक्या लोकांत असतील आणि मरतात मात्र मोजकेच, तर ते सगळे कापून काढण्यात रुग्णाचे हितापेक्षा अहितच जास्त होईल. मग न कापता नुसते लक्ष ठेवून पाहावे का? कर्करोग दिसतो आहे, सुईने सिद्ध झाला आहे, आणि शल्यविशारदच म्हणतो आहे की थांबू या. त्या काळात हे सुचवायला केवढे धैर्य लागले असेल! प्रस्ताव मान्य झाला. दोन वर्षांनी टोकियोच्या कर्करोग रुग्णालयानेही तीच वाट धरली.

नियम साधे होते. गाठ श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटलेली नको, मानेतल्या लसीकाग्रंथीत फैलाव नको. रुग्णापुढे दोन्ही पर्याय ठेवायचे आणि निवड त्याच्यावर सोडायची. थांबायचे ठरले तर वर्षातून एक-दोनदा सोनोग्राफी. गाठ तीन मिलिमीटरने वाढली किंवा लसीकाग्रंथीत शिरली तर शस्त्रक्रिया. २००३ मध्ये १६२ रुग्णांचा पहिला अहवाल आला, २०१४ मध्ये १,२३५ रुग्णांचा. दहा वर्षांत गाठ वाढली ती ८ टक्क्यांत, लसीकाग्रंथीत आढळली ३.८ टक्क्यांत. थायरॉइडच्या कर्करोगाने कोणीही दगावले नाही, आणि ज्यांच्यावर उशिरा शस्त्रक्रिया केली तेही बरे राहिले. आणखी एक गोष्ट निघाली, जी आधी कोणाला अपेक्षित नव्हती: साठीच्या पुढच्या माणसांत या गाठी सर्वांत संथ असतात, चाळिशीच्या आतल्यांत त्या वाढण्याची शक्यता अधिक. प्रौढ वयात मोठ्या होऊन त्रास देणाऱ्या थायरॉइड कर्करोगाबाबत मात्र जुना अनुभव उलटा होता. तिथे वय जितके जास्त तितका धोका जास्त. म्हणजे लहान गाठ ही मोठ्या गाठीची पहिली पायरी असतेच असे नाही.

कोबे आणि सोल यांच्यामध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे. दोन्हीकडे तीच यंत्रे, तीच सुई, तोच पॅपिलरी कर्करोग. वाटा पूर्ण वेगळ्या झाल्या.

कोरियातल्या रुग्णालयांना जेवढी कामे केली तेवढ्याचे पैसे मिळत. राष्ट्रीय योजनेतल्या तपासणीसाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तिथेच विचारले जाई: थोडे जास्त पैसे भरता का, थायरॉइडचीही सोनोग्राफी करून टाकू? तीस ते पन्नास डॉलरमध्ये ती होत असे. किरणोत्सर्ग नाही, दुखणे नाही, दहा मिनिटांचे काम. स्तनाची सोनोग्राफी करवणाऱ्या बाईच्या मानेवर तोच प्रोब सहज सरके, आणि म्हणून सापडलेल्या रुग्णांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. यंत्रांचा तुटवडा नव्हता. मेडिसन ही कोरियन कंपनी १९८५ पासून सोनोग्राफी यंत्रे बनवत होती आणि लहानसहान दवाखान्यांतही ती पोचली होती. लवकर शोधा, जीव वाचवा हा संदेश सरकार, वर्तमानपत्रे आणि डॉक्टर सगळेच देत होते. जठराच्या कर्करोगाबाबत तो खरा ठरत होता. मग थायरॉइडबाबत का ठरणार नाही, असे लोकांना वाटले तर त्यात त्यांचा काय दोष?

या काळात कोरियन रेडिओलॉजिस्टांचे कौशल्य जगात वाखाणले जात होते आणि ते योग्यच होते. सोलच्या योन्से विद्यापीठातल्या किम उन-ग्यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हाताला न लागणाऱ्या भरीव गाठींतून संशयास्पद कोणत्या हे ठरवण्याच्या चार खुणा मांडल्या: कॅल्शियमचे बारीक ठिपके, वेडीवाकडी कडा, अगदी काळपट छटा, आणि रुंदीपेक्षा उंची जास्त असणे. उभट गाठ संशयाची, ही खूण आज जगभरच्या रेडिओलॉजिस्टच्या डोळ्यात बसलेली आहे, आणि तिला पक्के स्थान मिळवून देण्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे. पण या खुणा 'ही गाठ कर्करोगाची आहे का?' या प्रश्नाचे उत्तर देतात. 'हा कर्करोग या माणसाला कधी त्रास देईल का?' या प्रश्नाचे उत्तर त्या देत नाहीत. सोलमध्ये पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिवसेंदिवस अचूक होत गेले आणि दुसरा कोणी विचारलाच नाही.

आकडे चढत गेले. १९९९ मध्ये लाखात साधारण ६.४ रुग्ण, २००८ मध्ये ४०.७. वाढलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या गाठी दोन सेंटिमीटरच्या आतल्या होत्या. कर्करोगाचा शब्द कानावर पडला की थांबायला फार थोडी माणसे तयार होतात, आणि कोरियात थांबण्याचा पर्याय सहसा पुढे केलाच जात नव्हता. जवळपास प्रत्येकावर शस्त्रक्रिया झाली. दोनतृतीयांश लोकांची ग्रंथी पूर्ण काढली, उरलेल्यांच्या ग्रंथीचा काही भाग. १९९५ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १४ टक्क्यांच्या गाठी एक सेंटिमीटरच्या आत होत्या. दहा वर्षांनी हे प्रमाण ५६ टक्के झाले. गळ्यावर व्रण नको म्हणून काखेतून यंत्रमानवाचे हात घालून थायरॉइड काढण्याचे तंत्र सोलच्या डॉक्टरांनी विकसित केले आणि ते शिकायला जगभरातून शल्यविशारद येऊ लागले. कसबाची वाखाणणी होत होती, आणि ज्या ग्रंथी निघत होत्या त्यांतल्या पुष्कळ निघायलाच नको होत्या.

थायरॉइड काढणे ही तुलनेने सुरक्षित शस्त्रक्रिया आहे, पण फुकटची नाही. पूर्ण ग्रंथी गेली की जन्मभर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी. ग्रंथीच्या पाठीला तांदळाएवढ्या चार पराअवटू ग्रंथी असतात, त्या दुखावल्या की रक्तातले कॅल्शियम घसरते, हातापायाला मुंग्या येतात, पेटके येतात. शेजारून आवाजाची नस जाते. कोरियातल्या पंधरा हजारांहून जास्त शस्त्रक्रियांच्या विमा नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की ११ टक्के रुग्णांना पराअवटूचा त्रास झाला आणि २ टक्क्यांचा स्वरपडदा लुळा पडला. कोणत्याही एका रुग्णाला 'तुमची शस्त्रक्रिया नाहक झाली' असे सांगता येत नाही, हे यातले खरे दुःख आहे. प्रत्येकाला वाटते की आपण वाचलो. प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगतो की तूही तपासून घे. त्यामुळे जितक्या नाहक शस्त्रक्रिया होत गेल्या, तितकी तपासणीची कीर्ती वाढत गेली.

मार्च २०१४ मध्ये कोरियातल्या आठ डॉक्टरांनी अतिनिदान रोखण्यासाठी एकत्र येऊन जनतेला उद्देशून खुले पत्र लिहिले. लक्षणे नसताना थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ नका, असे त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर ते गाजले. थायरॉइडच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते: काही लहान गाठीही पसरतात, आणि कोणती पसरेल हे आधी सांगता येत नाही. पण ज्याला ठाऊक नाही कोणती पसरेल त्याने सगळ्याच काढाव्यात, हे काही त्यातून निघत नाही. कोबेचे रुग्ण वीस वर्षे तेच सांगत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोरिया विद्यापीठाचे आन ह्यंग-शिक, किम ह्यन-जंग आणि अमेरिकेतल्या डार्टमथचे गिल्बर्ट वेल्च यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कोरियाचा हा सगळा हिशेब मांडला. देशाच्या ज्या भागात थायरॉइडची तपासणी जास्त, त्याच भागात कर्करोगही जास्त, हे त्यात स्पष्ट दिसत होते. परिणाम झपाट्याने झाला. २०१३ मध्ये सुमारे ४३ हजार शस्त्रक्रिया झाल्या होत्या, २०१४ मध्ये त्या २८ हजारांवर आल्या. पत्राच्या आधी वर्षानुवर्षे चढत गेलेली रेषा एका वर्षात ३५ टक्क्यांनी खाली आली. एखादा खरा रोग वर्षभरात असा ओसरत नाही. २०१५ मध्ये कोरियाच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रानेही लक्षणे नसलेल्यांना ही तपासणी सरसकट करू नये असे मार्गदर्शन दिले.

कोरियाचे उदाहरण टोकाचे होते, एकटे मात्र नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये बारा देशांचा अंदाज काढला. दोन दशकांत ४ लाख ७० हजार स्त्रिया आणि ९० हजार पुरुष यांचे थायरॉइड कर्करोगाचे निदान गरज नसताना झाले असावे, असे त्यात निघाले. कोरियन स्त्रियांतल्या निदानांपैकी ९० टक्के, तर इटली, फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलियात ७० ते ८० टक्के. भारतात केरळमध्ये, तिरुवनंतपुरमच्या कर्करोग नोंदणीत स्त्रियांमधला थायरॉइड कर्करोग वाढताना दिसल्यावर २०१७ मध्ये संशोधकांनी हीच शंका मांडली. महाराष्ट्राला सोनोग्राफीविषयी वेगळ्या कारणाने जाग आली होती. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये इथेच झाला. त्या अनुभवामुळे तरी आपल्याला हे समजायला हवे की न दुखवणारे यंत्रसुद्धा कोण, कशासाठी आणि कोणावर वापरतो याने माणसाचे आयुष्य बदलते. आता शहरांतल्या 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजांमध्ये मानेची सोनोग्राफी दिसली की मला कोरियातली ती रांग आठवते.

दरम्यान सोनोग्राफी वाचण्याची रीतच पालटली. चिलीच्या एलिओनोरा होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये गाठींची संशयानुसार प्रतवारी मांडली, योन्सेच्या क्वाक जिन-यंग यांनी २०११ मध्ये ती सुटसुटीत केली, आणि २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने गुणांची पद्धत आणली. घडण, छटा, आकार, कडा आणि आतले ठिपके यांना गुण द्यायचे आणि बेरजेवरून पायरी ठरवायची. सर्वांत संशयास्पद गाठही एक सेंटिमीटरच्या आत असेल तर सहसा सुई घालायची नाही. मध्यम संशयाची दीड सेंटिमीटर, सौम्य संशयाची अडीच सेंटिमीटर झाल्याशिवाय हात लावायचा नाही. ज्या खुणा एकेकाळी अधिकाधिक कर्करोग शोधायला वापरल्या गेल्या, त्याच आता कोणती गाठ सोडून द्यायची हे ठरवायला वापरल्या जातात. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने लक्षणे नसलेल्या प्रौढांची थायरॉइड तपासणी करू नये असा स्पष्ट निर्वाळा दिला. ज्यांच्या मानेला लहानपणी किरणोत्सर्ग झाला आहे, ज्यांच्या घरात हा रोग आहे, ज्यांचा आवाज बसला आहे किंवा ज्यांना गाठ हाताला लागते आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी सोनोग्राफी १९६७ मध्ये होती तितकीच, किंबहुना त्याहून कितीतरी जास्त, गरजेची आहे.

कोरियातल्या डॉक्टरांनीही कोबेची वाट धरली. २०१६ पासून तिथल्या मोठ्या रुग्णालयांत लहान गाठींवर नुसती देखरेख ठेवण्याचे अभ्यास सुरू झाले आणि शेकडो रुग्णांनी थांबणे पसंत केले. पण २०१५ नंतर निदानांचा आकडा पुन्हा हळूहळू चढू लागला. आरोग्य तपासणीची केंद्रे बंद झाली नव्हती आणि प्रोबही होते तिथेच होते. २०१९ मध्ये थायरॉइड कोरियातला सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणून पुन्हा पहिल्या जागी आला, आणि २०२१ मध्ये एका वर्षात ३५ हजारांवर लोकांना हे निदान मिळाले.